मिळून चित्र काढताना: पुण्यातल्या नवोदितांसाठी

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना तो वर्ग आठवत असेल. मांडीवर पॅड, शेजारी पाण्याचा मग, आणि बाजूच्याच्या कागदाकडे बघायचं नाही अशी ताकीद. चित्र एकट्यानं काढायचं असतं हे तिथेच मनात पक्कं बसतं. पुढे कला महाविद्यालयातही गुण एकट्याचे आणि वार्षिक प्रदर्शनातलं बक्षीसही एकट्याचंच. मग शिक्षण संपतं आणि कुणीतरी विचारतं, "आपण मिळून एक भिंत करू या का?" आपण उत्साहानं हो म्हणतो. पुढे काय करायचं असतं ते मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मलाही नव्हतं. हा लेख त्या 'हो'च्या पुढच्या दिवसांसाठी आहे.

मिळून काम करायचं म्हणजे काम वाटून घ्यायचं, असं सुरुवातीला प्रत्येकाला वाटतं. डावी बाजू तुझी, उजवी माझी. अशा भिंतींची मधली शिवण रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. माझ्या मते मिळून केलेलं काम खऱ्या अर्थानं सुरू होतं ते दुसऱ्यानं आपल्या रेषेला हात लावलेला आपल्याला चालायला लागतो तेव्हा. पैसे, परवानग्या, करारपत्र ही सगळी तयारी तिथवर भांडण न होता पोचण्यासाठी करायची.

पुण्यात हे नवं नाही

१८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. तिथल्या रंगीत शिळाछाप तसबिरी घरोघरी भिंतींवर लागल्या. शिळाछाप कशी निघते ते समजून घेतलं तर एकट्यानं ती का निघत नाही तेही कळतं. घासून सपाट केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड ओला करायचा. तेलकट जागेवर पाणी ठरत नाही आणि नेमकी तिथेच शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र काढणारा एक, ते दगडावर उतरवणारा दुसरा, शाईचा रूळ फिरवणारा तिसरा आणि कागद नेमक्या खुणेवर ठेवणारा चौथा. कागद सुतभर सरकला तर ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो. ती तसबीर कुणा एकाच्या हातची असं म्हणताच येत नाही.

दुसरं उदाहरण दामले-फत्तेलाल या जोडीचं. दोघेही मुळात चित्रकार. कोल्हापुरात चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली तेव्हा पाच भागीदारांपैकी हे दोघे होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. आज विधी महाविद्यालय रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती त्याच जागेत. दामल्यांनी ध्वनीची बाजू सांभाळली, फत्तेलालांनी कलादिग्दर्शनाची. 'संत तुकाराम' मात्र दोघांनी मिळून दिग्दर्शित केला, १९३६ साली, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. यातलं तुमच्या-माझ्या उपयोगाचं एवढंच की दोघांचा मूळ हात चित्राचा असला तरी जबाबदाऱ्या वेगळ्या होत्या. जोडीदार शोधताना हे डोक्यात ठेवा.

आधी माणूस, विषय नंतर

बहुतेक जण उलटं करतात. विषय ठरवतात आणि मग हातांची भरती करतात. तुम्ही आधी माणसं बघा. रविवारी सकाळी विश्रामबागवाड्यासमोर, मंडईत, नदीकाठच्या घाटांवर स्केचिंगला जमणारे गट असतात, त्यांच्यात जाऊन बसा. बालगंधर्वच्या कलादालनात, घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनात किंवा शनिवार पेठेतल्या सुदर्शन कलादालनात उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी निवांत बोलणं होत नाही. मधल्या वारी दुपारी जा. चित्रकार एकटाच खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याला बोलायला कुणीतरी हवंच असतं.

तिसरी जागा गणपती मंडळाची, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत चांगली शाळा आहे. देखाव्याचं काम आषाढ-श्रावणातच सुरू होतं. मूर्तिकार, सुतार, मांडववाले, वायरमन, रंगारी, शिवाय 'यंदा वेगळं काहीतरी करा' म्हणणारे कार्यकर्ते. एक हंगाम तिथे रंग ढवळायला जरी उभे राहिलात तरी वेळेत काम पुरं कसं करतात आणि आपलं म्हणणं मागे घेऊन दुसऱ्याचं पुढे कसं नेतात ते समोर दिसतं. चतुर्थीची तारीख कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे रुसायला कुणालाच सवड नसते.

जोडीदाराचं चित्र बघताना त्याचे ब्रशही बघा. काम संपल्यावर तो ब्रश धुऊन ठेवतो का, उसना घेतलेला कटर परत करतो का, साडेआठची वेळ दिली तर किती वाजता येतो. चित्रातला फरक निभावून नेता येतो. या सवयींतला फरक तिसऱ्या दिवशीच टोचायला लागतो. तुमच्यासारखंच काढणारा माणूसही शोधू नका. तुमची रेषा चांगली असेल तर रंग समजणारा गाठा. दोघेही रेषेचे असलात तर एकाच ब्रशसाठी झोंबाल.

पहिला सराव: एक कागद, दोघं जण

थेट भिंतीवर चढू नका. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत, नाहीतर अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत, एक मोठा जाड कागद घ्या. तो जमिनीवर अंथरा आणि दोघं समोरासमोर बसा, म्हणजे तुमची वरची बाजू ती त्याची खालची. वीस मिनिटांचा गजर लावा. एकानं काढायचं, दुसऱ्यानं गप्प बसून बघायचं. गजर झाला की पाळी बदलायची. अशा सहा पाळ्या.

नियम दोनच. पहिल्या तीन पाळ्यांत दुसऱ्याचं काही पुसायचं नाही, फक्त त्यात भर घालायची. चौथ्या पाळीपासून मात्र प्रत्येकानं दुसऱ्याचं काहीतरी एक झाकायचंच. 'चालेल तर झाक' असं नाही, झाकायचंच. हा दुसरा नियम ऐकायला दुष्ट वाटतो, पण या सरावाचा सगळा उपयोग त्यातच आहे. आपण मन लावून काढलेलं पाखरू समोरचा पांढऱ्या रंगाखाली घालवत असताना छातीत जे होतं, ते शंभर रुपयांच्या कागदावर एकदा होऊन जाऊ दे. त्यानंतर तुम्ही दोघं बोलू शकलात तर पुढे जा. नाही बोलू शकलात तर मैत्री ठेवा, मिळून काम करू नका.

करारपत्र

"आपल्यात कसला करार?" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय, आणि पूर्वी मीही म्हटलंय. माझ्या दुसऱ्याच भिंतीच्या वेळी आम्ही तिघं होतो आणि काहीही लिहिलेलं नव्हतं. काम झाल्यावर तिथल्या मंडळींनी कोपऱ्यात एक पाटी लावली. त्यावर एकाचंच नाव, कारण फोनवर बोलणारा तोच होता. त्यानं ते मागून घेतलं नव्हतं. पण त्यानं दुरुस्तही करून घेतलं नाही, आणि आम्ही दोघींनी वर्षभर त्याच्याशी धड बोलणं केलं नाही. एका कागदावर चार ओळी असत्या तर हे घडलं नसतं.

कागद साधा असू दे, मराठीत असू दे, सगळ्यांच्या सह्या आणि तारीख मात्र हवी. त्यात काय असावं ते सांगते.

नावं. कुठल्या क्रमानं आणि कुठे लागणार? आम्ही वर्णमालेप्रमाणे लावतो, म्हणजे वादच नको. कल्पना, रेखांकन, रंगकाम असं वेगळं श्रेय द्यायचं असेल तर तेही आधीच लिहा.

पैसे. आधी सामानाचा खर्च वजा करा, उरलेलं दिवसांच्या हिशेबानं वाटा. समजा भिंतीचे ३०,००० रुपये ठरले. रंग आणि ब्रशला ९,०००, परांचीच्या भाड्याला ३,०००. उरले १८,०००. दोघांनी सहा-सहा दिवस काम केलं आणि तिसऱ्यानं तीन, म्हणजे एकूण पंधरा दिवस. दिवसाला १,२०० पडले. दोघांना ७,२०० आणि तिसऱ्याला ३,६००. ज्यानं संगणकावर बसून आराखडा केला त्याचे दिवसही मोजा. हातात ब्रश असलेल्या दिवसांनाच काम समजण्याची आपल्याला खोड आहे. बिलं एकाच माणसाकडे, एकाच पाकिटात.

हक्क. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त निर्मितीची व्याख्या आहे. दोन किंवा अधिक जणांनी मिळून केलेलं आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही असं काम. म्हणजे आपल्याला हवी तशी, शिवण नसलेली भिंत. अशा कामावर दोघांचाही हक्क असतो आणि शेवटचा निर्माता गेल्यानंतर साठ वर्षांपर्यंत तो टिकतो. पण याच कायद्यात आणखी एक कलम आहे. कुणी मोबदला देऊन चित्र करून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र करून घेणारा ठरतो. नवोदितांना हे बहुतेक वेळा काम झाल्यावर कळतं, आपल्या भिंतीवरचं चित्र कुणाच्या तरी कॅलेंडरवर दिसतं तेव्हा. तेव्हा 'कॉपीराइट चित्रकारांकडे राहील, चित्र इतरत्र छापायचं झाल्यास वेगळी परवानगी आणि वेगळा मोबदला' ही ओळ ग्राहकाबरोबरच्या कागदावर लिहून घ्या.

कॉपीराइट दिला तरी एक हक्क आपल्याकडेच राहतो. चित्रावर आपलं नाव सांगण्याचा आणि आपल्या लौकिकाला धक्का लागेल अशी त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं होतं. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल देऊन उरलेले भाग परत करायला सांगितले आणि पाच लाखांची भरपाईही मंजूर केली. हा निकाल नावासकट लक्षात ठेवा. बैठकीत तो कामाला येतो.

आणि शेवटची ओळ: कुणी मध्येच सोडून गेलं तर? आजारपण, नोकरी, लग्न, काहीही होतं. त्यानं केलेल्या दिवसांचे पैसे मिळतील, नाव राहील, आणि उरलेले त्याचं काम बदलू शकतील. एवढं पुरे.

भिंत

भिंत कुणाची आहे ते आधी पाहा. सोसायटीची असेल तर कमिटीची लेखी परवानगी घ्या, सेक्रेटरी 'करा हो' म्हणाले एवढ्यावर जाऊ नका. सार्वजनिक असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करा. मालमत्ता विद्रूपण रोखणारा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात आहे आणि तुमचा हेतू किती चांगला होता हे त्यात कुणी विचारत नाही. पावसाळ्यात भिंतीला हात लावू नका. दसऱ्यानंतर ओल उतरते, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. एप्रिल-मेच्या दुपारी रंग ब्रशवरच सुकतो.

पोपडे खरवडा, भेगा बुजवा, प्रायमरचा एक हात द्या. पुढचं मात्र सावकाश करा. वीस फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत धरू. छोटं चित्र वीस इंच बाय दहा इंचाच्या कागदावर काढा, म्हणजे एका इंचाला एक फूट. कागदावर इंचाच्या चौकटी आखा, भिंतीवर फुटाच्या. उभ्या रेघांसाठी ओळंबा सोडा, आडव्यांसाठी गवंडी वापरतात ती पाण्याची नळी. दोरीला रंगीत खडूची पूड लावून दोन टोकांना दोघांनी धरायचं आणि मधे ओढून सोडायचं. सूत मारण्याचं हे काम एकट्याला जमतच नाही. मला त्याचा तो फटका, तो आवाज फार आवडतो. भिंतीवर पहिली रेघ उमटते ती दोघांनी मिळून मारलेली.

मग आडव्या ओळींना अक्षरं द्या, उभ्यांना आकडे. याचा फायदा फक्त मापापुरता नाही. 'तुझा बैल बेढब झालाय' म्हणण्याऐवजी 'ग-७ मधली शेपटी अर्धी चौकट वर हवी' असं म्हणता येतं. पहिलं वाक्य माणसाला लागतं, दुसऱ्यावर शिडी सरकवून काम करता येतं.

रेखांकन करताना बाजू वाटून घेऊ नका. बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक चौकटी घ्या. काळ्या तुझ्या, पांढऱ्या माझ्या. प्रत्येक रेघ तुमच्या चौकटीतून निघून दुसऱ्याच्या चौकटीत जाते आणि तिथे ती त्याची होते. दिवसअखेर भिंतीचा कुठलाच भाग 'माझा' राहत नाही. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका हत्तीचं गंडस्थळ माझं, डोळा मैत्रिणीचा आणि सोंड निम्मी-निम्मी झाली होती. तो हत्ती आमच्या दोघींच्या कुठल्याही हत्तीपेक्षा चांगला झाला.

रंगाचं गणित. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. म्हणजे २०० चौरस फुटांच्या आकाशाला चार लिटर. लागणार त्यापेक्षा थोडा जास्त रंग एकाच वेळी, एकाच बादलीत कालवा आणि बादलीवर कागदाची पट्टी चिकटवून त्याच रंगाचं एक बोट ओढून ठेवा. ओला रंग फिकट दिसतो, वाळल्यावर गडद होतो. त्यामुळे ओल्या बादलीत बघून दुसरी बादली जुळवायला गेलात तर भिंतीवर ठिगळ दिसेल. जुळवायचं तर वाळलेल्या पट्टीशी. कालवणारा माणूस एकच असावा. हे काम वाटून घेण्यासारखं नाही.

हात लावण्याचा दिवस

चौथ्या-पाचव्या दिवशी तो येतोच. एका भिंतीवर मी वडाचं झाड करत होते. अकरा पारंब्या, प्रत्येक निगुतीनं सोडलेली, प्रत्येकीला एका बाजूनं उजेड. सकाळी आले तर त्यातल्या चार गायब. मैत्रिणीनं आदल्या संध्याकाळी त्यांच्यावर आकाशाचा रंग फिरवला होता.

"अगं, विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस. चल, समोरून बघ."

मी बघितलं नाही. ब्रश ठेवला आणि रस्ता ओलांडून चहाला गेले. चहा येईपर्यंत भिंतीकडे पाठ केली होती. कप हातात घेऊन वळले तेव्हा दिसलं की झाडाखाली बसलेली बाई आता पहिल्यांदा झाडाखाली बसल्यासारखी वाटत होती. आधी ती गजाआड होती. परांचीवर भिंतीला नाक लावून मला ते कधीच दिसलं नसतं.

तिचं बरोबर होतं, पण तिची पद्धत चुकीची होती. त्या दिवसापासून आम्ही एक रीत ठरवली, ती तुम्हीही घ्या. दुसऱ्याचं काही झाकायचं असेल तर आधी मोबाइलवर फोटो काढायचा. त्या फोटोवर बोटानं रंग फिरवून बदल दाखवायचा. मग दोघांनी रस्ता ओलांडून पलीकडून बघायचं, भिंतीजवळ उभं राहून वाद घालायचा नाही. तरी एकमत झालं नाही तर एक रात्र जाऊ द्यायची. आणि नुसतं 'नको' म्हणायला बंदी. नको असेल तर त्या जागी काय हवं ते काढून दाखवायचं. निम्मे वाद इथेच मिटतात, कारण काढायला गेलं की आपल्यालाच कळतं की आपल्याकडे दुसरं काही नाही.

कारागिरांबरोबर काम करायचं असेल तर

कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकाशेजारी एक ठोके देत पृष्ठभाग घट्ट आणि चमकदार करायचा, त्याला मठारकाम म्हणतात. असं काही आपल्या कामात आणावंसं वाटलं तर कागदावर पक्कं डिझाइन करून 'एवढं बनवून द्या' म्हणत जाऊ नका. तशानं तुम्हाला माल मिळेल, सोबती मिळणार नाही. आधी दोन-चार दिवस नुसतं बसून बघा. पत्रा किती वाकतो, कुठे फाटतो, पुन्हा कधी तापवावा लागतो हे दादांना विचारा आणि त्यानंतर कागद काढा. नमुन्याचेही पैसे द्या, तो जमला नाही तरी. आणि प्रदर्शनात त्यांचं नाव तुमच्या नावाच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत. 'स्थानिक कारागिरांच्या सहकार्यानं' ही ओळ मी अनेक पाट्यांवर वाचली आहे आणि दर वेळी मला तिची लाज वाटते. त्या माणसाला नाव आहे.

समूह प्रदर्शन

याबद्दल थोडक्यात. कलादालनांच्या तारखा लवकर भरतात, म्हणून चित्रं पूर्ण व्हायची वाट न बघता आधी चौकशी करा. चौघांपेक्षा जास्त जण पहिल्या खेपेला नकोत. भाडं, छपाई, चहापाणी समान वाटा. फ्रेम ज्याची त्यानं करावी. चित्रं लावण्याचं काम मात्र एकाच्याच हाती द्या, आणि शक्यतो ज्याचं चित्र त्या प्रदर्शनात नाही अशाच्या. प्रवेशद्वारासमोरची भिंत कुणाला मिळणार यावरून चांगले गट फुटलेले मी पाहिले आहेत. कलादालनात रोज कोण बसणार त्याचा तक्ता करा. बसलेल्यानं आलेल्या माणसाला चौघांचीही चित्रं समजावून सांगता आली पाहिजेत. त्यासाठी आदल्या संध्याकाळी प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्रावर पाच मिनिटं बोलून दाखवायचं आणि चित्रकारानं ऐकायचं. मित्राच्या तोंडून आपल्या चित्राबद्दल मी जे ऐकलंय ते मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं.

काम संपल्यावर

दिवसा, सावलीत भिंतीचे फोटो काढा आणि सगळ्यांकडे सारखे फोटो द्या. हिशेब त्याच आठवड्यात मिटवा. उरलेला प्रत्येक रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून त्यावर भिंतीचं नाव, तारीख आणि चौकटीचा क्रमांक लिहा. बरण्या कुणाच्या घरी राहणार तेही ठरवून घ्या. पुढच्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, दोघांनी मिळून त्या भिंतीकडे एक चक्कर मारा. खालची फूटभर पट्टी फुगलेली असेल, एखाद-दुसरा पोपडा सुटलेला असेल. बरण्या आणि दोन ब्रश सोबत न्या. पाण्याची बाटलीही.